शनिवारची प्रत

पहिली डिस्क गेली हे मंगळवारी सकाळी सव्वाआठला कळलं. ईश्वरी अंघोळीला गेली होती आणि मी तिच्या डब्यासाठी भाकरी करत होतो. कपाटावरच्या पेटीचा हिरवा दिवा चालू आहे ना, हे मी येताजाता बघतो. त्या दिवशी दिवा नव्हता. आतून नखानं पत्रा खरवडल्यासारखा आवाज येत होता.

मी बटण बंद करून परत चालू केलं. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या आणि तिथंच थांबल्या. त्यांचा फोटो काढून मी नदाफ सरांना पाठवला. माझी बायको उज्ज्वला इथल्या तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरच्या प्रयोगशाळेत सहायक होती. नदाफ सर तिथंच शिकवतात. त्यांचा लगेच फोन आला.

"मुसळेदादा, डिस्क मेली." एवढं बोलून ते थांबले. मग म्हणाले, "म्हणजे बिघडली. दुसरी कुठाय?"

"कसली दुसरी?"

"उज्ज्वलाताई दर शनिवारी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढायच्या. ती डिस्क."

ती कुठं आहे हे मला माहीत होतं. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, रुमालात गुंडाळलेली, तिच्या साड्यांच्या कपाटात. ते कपाट मी अकरा महिने उघडलं नव्हतं.

"शेवटची प्रत कधी काढली?" सरांनी विचारलं.

"तिनं काढली ती," मी म्हणालो.

उज्ज्वला गेल्या ऑगस्टमध्ये डेंग्यूनं गेली. पाच दिवसांत. शनिवारी तिनं प्रत काढली, रविवारी ताप आला आणि पुढच्या शनिवारी ती नव्हती. त्यानंतर सत्तेचाळीस शनिवार झाले. त्यातल्या एकाही शनिवारी मला डिस्क आठवली नाही असं नाही. आठवायची. पण कपाट उघडावं लागणार होतं.

पेटीचं सांगतो. ईश्वरीला नऊ वर्षांची असल्यापासून फिट येतात. आता ती अठराची आहे. चार वर्षांपूर्वी मिरजेच्या डॉक्टरांनी तिच्या डोक्याच्या कातडीखाली चार बारीक तारा बसवल्या. कवटी उघडावी लागली नाही. मेंदूत सारखी वीज खेळत असते, ती या तारा टिपतात. कमरेच्या डबीत सिम आहे, ती डबी ते सगळं घरच्या पेटीकडे पाठवते. शास्त्रज्ञांना असं सापडलं की फिट येण्याआधी अर्धा-पाऊण तास मेंदूच्या लहरी हळूहळू एका तालात यायला लागतात. माणसाला ते कागदावर दिसत नाही. शिकणाऱ्या प्रोग्रामला दिसतं.

पण प्रत्येक डोक्याची खूण वेगळी. नवा प्रोग्राम दहातल्या पाच वेळा बरोबर सांगतो. त्याला प्रत्येक वेळी सांगावं लागतं, आली का, किती वाजता आली, कशी आली. मी वहिफणीचं काम करतो, म्हणजे मागावर सूत चढवतो, त्यामुळे मला हे लवकर पटलं. आमच्याकडचा जुना जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, त्याच्या मागाचा नुसता आवाज ऐकून आता धागा तुटणार म्हणून सांगतो. त्यालाच दुसऱ्याच्या कारखान्यात नेलं तर त्याला काही सांगता येत नाही. उज्ज्वलानं पेटीला तीन वर्षं शिकवलं. शेवटी पेटी दहातल्या नऊ वेळा बरोबर सांगायची.

ज्या कंपनीनं हे काढलं तिनं नवीन मॉडेल आल्यावर जुन्याची सेवा बंद केली आणि प्रोग्राम फुकट खुला केला. मग उज्ज्वलानं प्रयोगशाळेतून काढून टाकलेला एक कॉम्प्युटर आणला, तीच ही पेटी, आणि त्यावर युनिक्सच्या जातीची प्रणाली चढवली. तिला ती आवडायची. म्हणायची, हिच्यात काय चाललंय ते उघडून बघता येतं, कुणाला विचारावं लागत नाही.

पेटीची सूचना ईश्वरीला जात नाही. पेशंटला कळलं की तो घाबरतो आणि फिट लवकर येते, म्हणून ती सांभाळणाऱ्याच्या फोनवर जाते. उज्ज्वला मग ईश्वरीला फोन करून एवढंच विचारायची, "डबा खाल्लास का?" ईश्वरी जिथं असेल तिथं बाजूला जाऊन खाली बसायची. उज्ज्वला गेल्यावर सूचना माझ्या फोनवर यायला लागल्या. मी सरळ सांगायचो, "फिट येणार आहे, बस खाली." दोनदा ती एवढी घाबरली की मी फोन ठेवायच्या आत फिट आली. तरी मी तसंच सांगत राहिलो. डब्याचं विचारायला माझी जीभ वळत नव्हती.

ईश्वरी केस पुसत बाहेर आली आणि पेटीकडे बघून उभी राहिली.

"बंद?"

"सर बघणार आहेत. तोवर तू घरी थांब."

"शुक्रवारी प्रॅक्टिकल आहे अण्णा. आज सराव आहे."

"पेटी चालू झाली की जा."

"आई असती तर जा म्हणाली असती."

"आई असती तर पेटी बंद पडली नसती."

"ते खरं आहे," ती म्हणाली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मंगळवार तिनं घरात काढला. बुधवारी तिनं ऐकलं नाही. ती गावातल्या दुसऱ्या कॉलेजात टेक्स्टाईलचा डिप्लोमा करते, तिथं विणकामाचा मोठा हॉल आहे आणि त्यात चालू माग आहेत. चालू मागावर माणूस पडला तर काय होतं हे मी लहानपणी बघितलं आहे. मी कामावर दांडी मारली आणि कॉलेजच्या गेटवर वॉचमनशेजारी बाकावर बसलो. पाच वाजता ती बाहेर आली आणि माझ्या पुढे चालायला लागली.

"गेटवर बसून काय करणार होता तुम्ही? भिंतीतून दिसतं का तुम्हाला?"

"जवळ असावं म्हणून."

"पोरी विचारत होत्या, तुझे वडील इथं वॉचमन लागले का. एक म्हणाली, गणवेश नाही मिळाला वाटतं अजून."

मी तिच्या मागोमाग चालत राहिलो. घरी आल्यावर ती परत आत गेली आणि दार लावलं.

सहा वाजता नदाफ सर आले. त्याआधी मी कपाट उघडलं. साड्यांना अजून वास होता. डबा घेतला आणि कपाट लावलं. डिस्कबरोबर तिची छोटी डायरी होती. सरांनी ती उघडली आणि चष्मा वर केला.

"ताईंनी सगळं लिहून ठेवलंय. डिस्क बदलायची वेळ आली तर काय काय करायचं, क्रमानं." मग पान उलटून त्यांनी शेवटची ओळ वाचून दाखवली. "दुसऱ्या डिस्कवरून सुरू करून बघणे, राहिले."

"म्हणजे?"

"म्हणजे हे चालतं का, ते कुणी बघितलेलं नाही."

मी विचारलं, एक काढून दुसरी लावली की झालं ना. सर नाही म्हणाले आणि पेटीचं झाकण काढत समजावून सांगायला लागले. कॉम्प्युटर जागा होतो तेव्हा त्याला काहीच माहीत नसतं. आत एक चिप असते, तिला फक्त एवढं ठाऊक असतं की आधी कुठल्या डिस्ककडे बघायचं. त्या डिस्कच्या सुरुवातीला एक चिमुकला प्रोग्राम असतो. तो मोठ्या प्रणालीला उठवतो. मोठी प्रणाली उठली की एक यादी वाचते, आपलं सामान कुठल्या डिस्कवर आहे त्याची. ते सापडलं की मग पुढची कामं सुरू होतात.

"ताईंनी प्रत काढली ती फायलींची," सर म्हणाले. "उठवणारा प्रोग्राम पहिल्या डिस्कवरच राहिला. आणि यादीसुद्धा प्रतीत जशीच्या तशी आलीय. तिच्यात पहिल्या डिस्कचं नाव आहे. ही डिस्क उठली तरी आपलं सामान दुसरीकडे शोधत बसेल."

हे मला कळलं. बीमवर, म्हणजे सुताच्या मोठ्या रिळावर, चार हजार टोकं असतात. प्रत्येक टोक वहीतल्या, म्हणजे मागावरच्या तारांच्या चौकटीतल्या, त्याच्या डोळ्यातून आणि फणीतल्या त्याच्या फटीतून ओवायचं. एक टोक चुकीच्या जागी गेलं तर कापडाला शेवटपर्यंत रेघ पडते. बीम संपला आणि पुढं तेच कापड काढायचं असलं तर सगळं परत ओवत नाहीत. जुन्या प्रत्येक टोकाला नवं टोक गाठ मारून जोडतात आणि ओढून घेतात. आता गाठींना यंत्र आलं आहे, पण छोटी कामं अजून माझ्याकडे येतात. माझ्या उस्तादांनी मला पहिल्या दिवशी एकच सांगितलं होतं. जुन्या टोकाची जागा बदलायची नाही. ज्यानं आधी लावलंय त्यानं विचार करून लावलंय.

सरांनी पेनड्राईव्हवरून पेटी तात्पुरती चालू केली. डायरी मांडीवर ठेवून एकेक ओळ टाइप करत गेले. उठवणारा प्रोग्राम दुसऱ्या डिस्कवर बसवला. मग चिपला सांगितलं की आता इकडे बघ. पेनड्राईव्ह काढून बटण दाबलं. पडदा उजळला, ओळी पळाल्या आणि थांबल्या. एका कोपऱ्यात सेकंद मोजायला सुरुवात झाली.

"काय करतंय?"

"जुन्या डिस्कची वाट बघतंय. यादीतली एक ओळ माझ्याकडून राहिली. दीड मिनिट बघेल आणि सोडून देईल."

आम्ही दोघं ते दीड मिनिट बघत बसलो. मग सरांनी ती ओळ दुरुस्त केली आणि पेटी परत सुरू केली. या वेळी ओळी थांबल्या नाहीत. हिरवा दिवा लागला. ईश्वरीच्या लहरी पडद्यावर यायला लागल्या. खाली लिहून आलं, शेवटची नोंद, शनिवार. तारीख अकरा महिन्यांपूर्वीची.

"एक लक्षात ठेवा दादा," सर म्हणाले. "मधल्या अकरा महिन्यांत पेटी जे शिकली ते पहिल्या डिस्कबरोबर गेलं. पुण्याला पाठवून बघू, पण मला आशा नाही."

मला एकदम पहाटेच्या फिटी आठवल्या. उज्ज्वला होती तोवर ईश्वरीला फिट दिवसाच यायची. ती गेल्यावर पहाटे झोपेत यायला लागली. डॉक्टर म्हणाले, झोप मोडली, मनावर ताण आला, तसा मेंदूचा ताल बदलला. पेटीला त्या ओळखायला आठ महिने लागले होते.

"पहाटेच्या पेटीला ओळखू येणार नाहीत?"

"नाही. आणि ही सेटिंगंही तेव्हाचीच आहेत. आता बसलोच आहोत तर सगळी एकदा नजरेखालून घालू. मध्ये कुणी काही बदललं असेल तर..."

"नको सर."

"पाच मिनिटांचं काम आहे."

"तिनं लावलंय. एकही टोक हलवू नका. चालतंय ना?"

"चालतंय."

"मग राहू दे."

सरांनी माझ्याकडे बघितलं आणि झाकण लावलं. ईश्वरी आतल्या खोलीत होती. तिला हाक मारून विचारता आलं असतं. दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलत नव्हती आणि मीही हाक मारली नाही.

गुरुवार नीट गेला. शुक्रवारी सकाळी ती दिव्याकडे बघून म्हणाली, "आज गेटवर येऊ नका." मी तिकडे गेलो नाही. कारखान्यात गेलो आणि गाठी मारायला बसलो. अकरा वाजून तेहतीस मिनिटांनी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"रेवणसिद्ध मुसळे बोलताय का?" बाईचा आवाज होता.

"होय. कोण?"

"मी आटपाडीहनं बोलतीय. तुमी मला वळखत न्हाई. माज्या फोनवर एक मेसेज आलाय, त्यात तुमचं नाव हाय. वाचू का?"

"वाचा."

ती सावकाश वाचायला लागली. "ईश्वरी. अंदाजे पस्तीस मिनिटं. मी जागेवर नसेन तर हा मेसेज वाचणाऱ्यानं माझ्या मिस्टरांना लगेच कळवावं. रेवणसिद्ध मुसळे. आन् फुडं तुमचा नंबर."

प्रयोगशाळेत आत जाताना उज्ज्वला फोन बाहेर टेबलावर ठेवायची. त्यासाठी तिनं ते लिहिलं होतं. मला ते कधी माहीत नव्हतं.

"किती वाजता आलाय?"

"अकरा बाराला. मी कांदं निवडत हुते, आत्ता बगितला. ह्यो नंबर मला चार म्हैनं झालं मिळालाय. आदी कुनाचा हुता?"

"माझ्या बायकोचा."

"मग त्यास्नी सांगा की."

"ती नाही आता."

"आन् ईश्वरी लेक का तुमची? आवं मग जावा की तुमी. ठेवा फोन."

चौदा मिनिटं उरली होती. ईश्वरीला फोन लावला, तो वाजत राहिला. परीक्षेत फोन बाहेर जमा करतात. कॉलेजचा नंबर माझ्याकडे नव्हता, तो उज्ज्वलाच्या फोनमध्ये होता. मी गाडी काढली. कारखान्यापासून कॉलेजपर्यंत दोन सिग्नल आहेत. एकाला थांबलो, दुसऱ्याला थांबलो नाही. गेटवरचा वॉचमन मला ओळखत होता. त्यानं काही विचारलं नाही.

हॉलच्या दारात एका बाईंनी अडवलं. "परीक्षा चालू आहे."

"मी ईश्वरी मुसळेचा बाप. तिला एक विचारायचंय फक्त."

माझ्या तोंडाकडे बघून त्या बाजूला झाल्या. आत सात-आठ माग चालू होते. ईश्वरी पलीकडच्या मागावर वाकून तुटलेला धागा बघत होती. ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. माग चालू होता. मी ओरडलो असतो तर ती दचकली असती आणि तिचा हात आत होता. मी चालत गेलो. पळालो नाही. तिच्या बाजूला उभा राहिलो, तिनं वर बघितलं.

"ईशू," मी म्हणालो, "डबा खाल्लास का?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं हात बाहेर घेतला, माग बंद केला, भिंतीजवळ मोकळ्या जागेत गेली आणि खाली बसली. चष्मा काढून माझ्या हातात दिला. मी तिच्या शेजारी बसलो. चार मिनिटांनी फिट आली. दोन मिनिटं दहा सेकंद राहिली. तिला कुशीवर वळवून मी डोक्याखाली हात धरला. त्या बाईंनी बाकीचे माग बंद करायला सांगितले होते. हॉलमध्ये एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

शिक्षकांच्या खोलीत तिला चहा दिला. अर्ध्या तासानं ती नीट बोलायला लागली.

"तुम्हाला मेसेज आला?"

मी तिला आटपाडीचं सांगितलं. ती कप खाली ठेवून ऐकत होती.

"पेटीतला तो नंबर मी बदलला होता," ती म्हणाली. "बाराव्या दिवशी. तुम्ही झोपला होता. आईचा काढला, तुमचा घातला. ते पहिल्या डिस्कबरोबर गेलं."

"मला सांगायचं नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत, पेटी कुणाला सांगते म्हणून?"

नव्हतं विचारलं. मला वाटायचं, घरात कोण उरलंय हे पेटीला आपोआप कळलं असेल.

"नदाफ सरांनी तपासलं नाही?"

"तपासतो म्हणाले होते. मी नको म्हणालो."

"का?"

"आईनं लावलेलं होतं."

"अण्णा, आईनं लावलेलं होतं आई असताना," ती म्हणाली. मग म्हणाली, "परत भाकरी जाड करू नका तेवढं. खाल्ला नाही मी डबा."

त्या दिवशी घरी आल्यावर तिनं मला पेटीसमोर बसवलं. ती सांगत गेली आणि मी एकेक कळ शोधून दाबत गेलो. उज्ज्वलाचा नंबर काढला आणि माझा घातला. दुसरा नंबर नदाफ सरांचा. दहा आकडे काढायला मला बराच वेळ लागला. तिनं घाई केली नाही. संध्याकाळी आटपाडीच्या बाईंचा फोन आला.

"लेक बरी हाय का?"

"बरी आहे. तुमच्यामुळे वेळेत पोचलो."

"आता मला मेसेज येणार न्हाई न्हवं?"

"नाही. नंबर बदलला."

"बरं केलं. आला तरी सांगीनच म्हना मी," असं म्हणून तिनं फोन ठेवला. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. पण नंबर मला पाठ आहे.

प्रॅक्टिकल तिनं पुढच्या बुधवारी परत दिलं. सरांनी नवी डिस्क आणून दिली आणि प्रत काढायला शिकवलं. आता मी दर शनिवारी प्रत काढतो. उठवणारा प्रोग्राम तिच्यावरही बसवून घेतला आहे आणि तिच्यावरून एकदा पेटी सुरू करून बघितली आहे. डायरीतल्या उज्ज्वलाच्या शेवटच्या ओळीपुढे मी "झाले" लिहिलं.

पहिली डिस्क पुण्याहून परत आली. तिच्यातलं काही निघालं नाही. परवा पहाटे पाच वाजता ईश्वरीला झोपेत फिट आली. पेटीनं काही सांगितलं नाही. हिरवा दिवा चालू होता. मी आवाजानं उठलो, म्हणून कळलं. नंतर मी पेटीला सगळं सांगितलं, किती वाजता आली, किती वेळ राहिली, आधी ती झोपेत काही बोलली का. ही पहिली नोंद. सर म्हणतात अशा वीस-पंचवीस तरी लागतील. तोवर मी तिच्या खोलीच्या दारात अंथरूण टाकतो. त्यावरून ती रोज माझ्याशी भांडते.

ज्या ईश्वरीला आई होती, तिला पेटी ओळखते. आई गेल्यानंतरची ईश्वरी तिला शिकवायची राहिली आहे.